वायरलेसची वायर

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझा एक मित्र हॅम आहे, म्हणजे हौशी रेडिओचालक. रीतसर परीक्षा देऊन परवाना मिळवलेला. ताम्हिणी घाटात मोबाइलची रेंज येते-जाते, म्हणून त्याने आणि त्याच्यासारख्याच परवानाधारक सोबत्यांनी सरावासाठी मुद्दाम तो घाट निवडला होता. दोन गाड्या आणि प्रत्येकीत एक वायरलेस संच. दरड कोसळली, फोन बंद पडले, तर निरोप कसा पोचवायचा याची ही तालीम. मी नुसता प्रेक्षक, थर्मासमधला चहा सांभाळणारा.

आमची गाडी घाटमाथ्यावर एका रुंद वळणावर उभी केली. इंजिन बंद केलं, कारण नुसतं बसायचं तर पेट्रोल का जाळा? संचाचा दिवा लागलेला होता. खालच्या गाडीतला आवाज स्वच्छ ऐकू येत होता. मित्राने माइक उचलला, बटण दाबलं, तोंड उघडलं आणि संच विझला. बटण सोडलं, की पुन्हा दिवा लागायचा, पुन्हा आवाज यायचा. पुन्हा दाबलं, पुन्हा अंधार. खालून विचारणा चालू होती, ‘ऐकू येतंय का?’ येत होतं ना, छान ऐकू येत होतं. बोलताच तेवढं येत नव्हतं.

‘सकाळी कोथरूडला तर चाललं होतं!’ मित्र चिडून म्हणाला. तेही खरंच होतं. सकाळी घराखाली त्याने माझ्यादेखत तपासलं होतं.

संच बिघडलेला नव्हता, अँटेना ठीक होती, बॅटरीही जुनी नव्हती. दोष होता तो बॅटरीपासून संचापर्यंतच्या वाटेत. संचाला वीज मिळत होती ती डॅशबोर्डवरच्या, ज्याला आपण अजून सिगारेट लायटरचं सॉकेट म्हणतो, त्या भोकातून. तिथे मोबाइल चार्ज होतो, टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप चालतो, मग हा पुस्तकाएवढा संच का नाही चालणार, असं कुणालाही वाटेल. त्यालाही वाटलं होतं.

गाडीतला संच ऐकताना आणि बोलताना अगदी वेगळी भूक दाखवतो. साधारण ५० वॅट क्षमतेचा संच नुसता ऐकत असेल, तर अर्धा अॅम्पिअरच्या आसपास वीज खातो. बोलायचं बटण दाबलं, की तोच संच १०-१२ अॅम्पिअर ओढतो. गाडीच्या हेडलाइटचा नेहमीचा एक बल्ब साधारण ५ अॅम्पिअर घेतो. म्हणजे माइकचं बटण दाबणं हे दोन्ही हेडलाइट एकदम लावण्यासारखं आहे. फरक एवढाच की हेडलाइटसाठी कारखान्यातून तशी वायर टाकून दिलेली असते.

वायर तांब्याची असली, तरी ती विजेला थोडा विरोध करतेच. एक चौरस मिलिमीटर जाडीची, जाऊन-येऊन ६ मीटर लांबीची वायर घेतली, तर तिचा विरोध भरतो सुमारे ०.१ ओहम. त्यात सॉकेटमधली स्प्रिंग, प्लगचं टोक, फ्यूज, मधले सांधे यांची भर घाला. समजा सगळं मिळून ०.१८ ओहम झालं. ऐकताना अर्धा अॅम्पिअर वाहतो, तेव्हा या वाटेत फक्त ०.०९ व्होल्ट हरवतात. कुणाच्या लक्षातही यायचं नाही. बोलताना ११ अॅम्पिअर वाहू लागले, की २ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. इमारतीच्या गच्चीवरून अर्ध्या इंचाचा पाइप आला असेल, तर एक नळ सोडल्यावर धार बरी असते. सगळ्या घरांनी एकदम नळ सोडले, की टाकी भरलेली असूनही धारेची करंगळी होते. तसंच हे.

आता कोथरूड आणि ताम्हिणी यांतला फरक बघा. सकाळी इंजिन चालू होतं. इंजिन चालू असताना अल्टरनेटर बॅटरीला भरत असतो आणि तिच्या टोकांवर १४ व्होल्टच्या आसपास दाब असतो. त्यातले २ गेले, तरी संचाला १२ मिळत होते. बहुतेक संच १३.८ व्होल्टसाठी बनवलेले असतात आणि त्यात १५ टक्के कमी-जास्त चालतं. म्हणजे ११.७ व्होल्टपर्यंत ते कुरकुर करत नाहीत. घाटात इंजिन बंद होतं. बॅटरीवर ११ अॅम्पिअरचा भार पडल्यावर तिच्या टोकांवर १२.२ व्होल्ट उरले, त्यातले २ वाटेत गेले आणि संचाच्या तोंडात पडले १०.२. संचाने मान टाकली. तो बंद पडला, की भार गेला. भार गेला, की दाब पुन्हा वर आला आणि दिवा पुन्हा लागला. भुताटकी वगैरे काही नव्हती, नुसता ओहमचा नियम होता. जर्मनीच्या गेओर्ग ओहमने तो १८२७ साली मांडला.

यातली खरी पंचाईत अशी, की हा दोष नेहमीच्या तपासणीत सापडत नाही. वायरमन टेस्टरचा छोटा दिवा लावून बघतो, दिवा लागतो. मल्टिमीटर लावला, तर संचाच्या टोकाला साडेबारा व्होल्ट दिसतात, कारण त्या वेळी वायरमधून जवळजवळ काही वाहतच नसतं. पाणी वाहत नसलेल्या पाइपातला दाब पूर्णच असतो. दाब मोजायचा तो भार असताना, म्हणजे बोलायचं बटण दाबलेलं असताना. एकाने मल्टिमीटरची टोकं संचाच्या वायरला लावायची आणि दुसऱ्याने बटण दाबायचं. लगेच तेच माप बॅटरीच्या टोकांवर घ्यायचं. दोन्हींतला फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. एक व्होल्टच्या पुढे गेला, तर वायर बदलायची. हे करताना अँटेना जोडलेली हवी आणि लहर परवान्यातली हवी. अँटेना न जोडता बटण दाबलं, तर संचाच्या शेवटच्या टप्प्यातला ट्रान्झिस्टर जळू शकतो आणि मग कितीही जाड वायर टाकली तरी उपयोग नाही.

गाडीतल्या संचाची ही भूक नवी नाही. १९५६ साली स्वीडनमध्ये गाडीतून फोन करण्याची स्वयंचलित सेवा सुरू झाली. गाडीत बसवायचं ते यंत्र होतं सुमारे ४० किलोचं, निर्वात नळ्यांचं. ते वीज इतकी खायचं, की गाडीतून दोनच फोन करता येतात असा विनोद त्या काळी रूढ होता. पहिला ज्याला करायचा त्याला आणि दुसरा, बॅटरी उतरली म्हणून गाडी ओढून न्यायला या, हे सांगायला. निर्वात नळ्यांना शेकडो व्होल्टचा दाब लागत असे. तो गाडीच्या ६ किंवा १२ व्होल्टमधून तयार करण्यासाठी थरथरणाऱ्या पट्टीचा व्हायब्रेटर किंवा मोटर आणि जनित्र एकाच दांड्यावर बसवलेला डायनामोटर वापरत. बटण दाबलं, की डायनामोटर घुमायचा आणि गाडीचे दिवे मंद व्हायचे. ट्रान्झिस्टर आले आणि हा सगळा लवाजमा गेला. संच खिशातल्या पाकिटाच्या किमतीत नाही, पण आकाराने मात्र खूप खाली उतरला. त्याच्या लहानखुऱ्या रूपामुळेच आज फसगत होते. ४० किलोच्या पेटीला कुणी लायटरच्या सॉकेटात प्लग खुपसला नसता.

त्या सॉकेटविषयी थोडं आणखी. त्याच्या झाकणावर बहुधा १२० वॅट असं लिहिलेलं असतं, म्हणजे १० अॅम्पिअर. तेही थोडा वेळ, आणि प्लग घट्ट बसला असेल तर. प्लगचं मधलं टोक स्प्रिंगच्या जोरावर टेकलेलं असतं. खड्ड्यांमधून गाडी गेली, की ते हलतं. जिथे टेकणं सैल, तिथे विरोध जास्त. जिथे विरोध जास्त, तिथे उष्णता. १० अॅम्पिअर सतत ओढल्यावर प्लग बाहेर काढून हात लावून बघा, चटका बसेल. काही प्लगचं प्लास्टिक विरघळून सॉकेटलाच चिकटलेलं मी पाहिलं आहे. हातात धरायची ५ वॅटची वॉकीटॉकी चार्ज करायला हे सॉकेट योग्य आहे. ५० वॅटच्या संचाला नाही.

मग वीज घ्यायची कुठून? थेट बॅटरीवरून, स्वतंत्र वायरने. इथे या विषयातला सगळ्यात गंभीर भाग येतो, कारण ही वायर चुकीची टाकली, तर संच बंद पडण्याच्या कितीतरी पुढची गोष्ट घडू शकते.

बारा व्होल्टला आपण घाबरत नाही, कारण त्याचा शॉक बसत नाही. कोरड्या हाताने बॅटरीची दोन्ही टोकं धरली, तरी काही जाणवत नाही. पण शॉक न देणारी हीच बॅटरी स्टार्टर फिरवण्यासाठी शेकडो अॅम्पिअर देऊ शकते, आणि ती ते कुणालाही देते. समजा बॅटरीच्या प्लसपासून आत आलेली एक चौरस मिलिमीटरची, ३ मीटर लांब वायर बॉनेटमधल्या पत्र्याच्या धारेवर घासत घासत सोलली आणि गाडीच्या बॉडीला टेकली. बॉडी म्हणजे मायनसच. वाटेत फ्यूज नसेल, तर त्या वायरमधून सुमारे २०० अॅम्पिअर वाहतील आणि तिच्यात २००० वॅटच्या आसपास उष्णता तयार होईल. आपण बादलीत पाणी तापवायला जो हीटर रॉड टाकतो, तो साधारण दीड हजार वॅटचा असतो. इथे त्याहून जास्त उष्णता आणि पाणी अजिबात नाही. ३ मीटर वायरमधलं तांबं असतं जेमतेम २५-२७ ग्रॅम. हिशेब केला, तर त्यावरचं प्लास्टिक वितळायला एक-दोन सेकंद पुरतात. शेजारी कार्पेट, फोम, बाकीच्या वायरींचा जुडगा. जळणाऱ्या पीव्हीसीच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असतो, जो डोळे आणि श्वासनलिका जाळतो. काचा बंद असलेल्या गाडीत तो फार लवकर कोंडतो.

म्हणून फ्यूज, आणि तो संचापाशी नव्हे, बॅटरीपाशी. पुष्कळांचा समज असा असतो, की फ्यूज संचाचं रक्षण करतो. संचाच्या पोटात त्याचं तो बघेल. बॅटरीजवळचा फ्यूज वायरचं रक्षण करतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्या मधला तुकडा कायम असंरक्षित राहतो, म्हणून तो जितका लहान, तितका चांगला. वीतभर, त्याहून जास्त नको. फ्यूज किती अॅम्पिअरचा हे वायरच्या जाडीवरून ठरतं. चार चौरस मिलिमीटरची वायर असेल, तर १५ किंवा २० अॅम्पिअरचा फ्यूज ठीक. गाडीत मिळणाऱ्या चपट्या फ्यूजमध्ये १५ चा निळा आणि २० चा पिवळा असतो. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्या जागी हिरवा ३० चा बसवणं किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवणं, हे प्रकार नाक्यानाक्यावर चालतात. उडणारा फ्यूज काहीतरी सांगत असतो. त्याचं तोंड बंद केलं, की पुढचं सांगणं धुराच्या रूपात येतं.

वायर घेताना दुकानात ‘चार स्क्वेअर एमएम, मल्टिस्ट्रँड, गाडीची’ अशी मागा. घरातल्या फिटिंगची एकतारी कडक वायर गाडीच्या थरथरीने तुटते. इंजिनकडून आत यायला फायरवॉलला कारखान्यानेच रबरी बूच बसवलेली भोकं ठेवलेली असतात. त्यांतूनच वायर न्यायची. नवीन भोक पाडायचंच असेल, तर रबरी ग्रोमेट हवाच, कारण पत्र्याची उघडी धार आणि वायर यांची मैत्री फार दिवस टिकत नाही. सायलेन्सरच्या नळीपासून लांब, फिरणाऱ्या पट्ट्यांपासून लांब. टोकांना व्यवस्थित दाबलेले लग हवेत. नुसती पिळून टेप गुंडाळलेली जोडणी पहिल्या पावसाळ्यात हिरवी पडते. आणि त्या हिरव्या थरात पुन्हा तोच विरोध, तीच उष्णता.

मायनसच्या बाबतीत जुना सल्ला आता बदलला आहे. पूर्वी दोन्ही वायरी थेट बॅटरीच्या टोकांवर घ्या, असं सांगत. आज अनेक गाड्यांत बॅटरीच्या मायनस टोकावर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. बॅटरीतून किती वीज गेली आणि किती आली, याचा हिशेब तो ठेवतो आणि त्यावरून अल्टरनेटरला किती भरायचं ते कळतं. संचाची मायनस वायर सेन्सरच्या अलीकडे, थेट टोकावर जोडली, तर संचाने खाल्लेली वीज त्याच्या वहीत लागतच नाही. अशा गाडीत मायनस वायर बॅटरीची जाड काळी तार जिथे बॉडीला जोडलेली असते, त्या बोल्टवर घ्यावी. याच शहाण्या अल्टरनेटरमुळे आणखी एक होतं. बॅटरी भरलेली आहे असं दिसलं, की तो इंधन वाचवण्यासाठी दाब खाली आणतो. म्हणजे इंजिन चालू आहे, आता १४ व्होल्ट असणारच, हे गृहीत धरता येत नाही. मल्टिमीटर हाच साक्षीदार.

ट्रक आणि बस चालवणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र सूचना. तिथे बहुधा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. १२ चा संच लावायचा म्हणून एकाच बॅटरीवरून वायर काढणारे खूप. ती एकटी बॅटरी रोज थोडी जास्त उतरते, तिची जोडीदारीण मात्र जास्त भरली जाते, आणि काही महिन्यांत दोन्ही जातात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो, तो लावावा. विजेवरच्या गाड्यांत आणि हायब्रिडमध्ये १२ व्होल्टची एक छोटी बॅटरी वेगळी असते. संचाला वीज घ्यायची तर तिच्यावरूनच, तीही गाडीच्या कंपनीच्या अधिकृत माणसाला विचारून. नारंगी रंगाच्या जाड केबलींना हात लावायचा नाही, तिथे शेकडो व्होल्ट असतात आणि तो शॉक मारतो. संच बसवताना एअरबॅग उघडण्याच्या वाटेत तो येणार नाही, हेही बघायला हवं. अपघातात फुगणारी एअरबॅग समोरचा संच गोळीसारखा तोंडावर फेकते.

काम सुरू करण्याआधी हातातली अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. ही सूचना पुष्कळांना फाजील वाटते. पाना प्लस टोकावर आहे, पान्याला अंगठी टेकली आहे आणि अंगठीची दुसरी बाजू बॉडीला लागली, तर अंगठीतून तेच शेकडो अॅम्पिअर वाहतात. क्षणात ती तापून लाल होते आणि बोटाभोवती वर्तुळाकार खोल भाजतं. त्वचेच्या खालच्या नसा आणि स्नायूबंधही सापडतात. असं झालंच, तर सूज चढण्याआधी अंगठी काढायची आणि बोट वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरायचं. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ यातलं काही नको. मग दवाखाना. बॅटरीचं आम्ल डोळ्यात उडालं, तर निदान १५ ते २० मिनिटं डोळा पाण्याने धुऊन थेट नेत्रतज्ज्ञ. बॅटरी भरताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, ठिणगीने तो पेट घेतो. म्हणून सोडवताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. या क्रमाने पान्याची चूक झाली, तरी ठिणगी उडत नाही.

आता घाटातल्या दुसऱ्या प्रश्नाकडे. वायर चांगली टाकली, तरी इंजिन बंद ठेवून किती वेळ बोलता येईल? छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अॅम्पिअर-तासाच्या आसपास असते. संच तासातली ६ मिनिटं बोलला आणि ५४ मिनिटं ऐकत राहिला, तर तासाला सुमारे दीड अॅम्पिअर-तास खर्च होतो. आठ तासांत १२. कागदावर अजून २३ शिल्लक दिसतात, पण दोन-तीन वर्षं वापरलेल्या बॅटरीत मुळात ३५ नसतात, आणि जे उरतात त्यांत स्टार्टर फिरवण्याइतका जोर राहीलच असं नाही. शिवाय गाडीची बॅटरी थोडा वेळ खूप वीज द्यायला बनवलेली असते. तिला पुन्हा पुन्हा खोल उतरवलं, की पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण खडे धरतात आणि ती लवकर मरते. रात्रभर थांबायचंच असेल, तर संचासाठी वेगळी छोटी बॅटरी ठेवणं बरं. ती पट्ट्याने घट्ट बांधलेली हवी आणि तिलाही तिचा स्वतःचा फ्यूज हवा.

मग इंजिनच चालू ठेवलं तर? मोकळ्या जागेत, अधूनमधून, जरूर. पण बंद गॅरेजमध्ये किंवा सायलेन्सरचं तोंड चिखलात, पाण्यात बुडत असताना कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झापड येते, आणि दमल्यामुळे होत असेल असं वाटून माणूस मागे टेकतो. २६ जुलै २००५ च्या पावसात, ज्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, मुंबईत काही जण बंद गाडीतच दगावले. पाणी चढत असताना गाडीत बसून संच चालवत राहणं हे शौर्य नव्हे. हातातली वॉकीटॉकी घेऊन उंचावर जायचं.

हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारेल. खिशात मोबाइल आहे की. त्या दिवशीही मुंबईत होते, आणि लागत नव्हते. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली एक हॅम पथक वेगळ्याच कारणाने पोर्ट ब्लेअरमध्ये होतं. अंदमान-निकोबारचे फोन मुके झाले असताना त्यांच्या रेडिओवरून माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोचली. भारतात वयाची १२ वर्षं पूर्ण केलेल्या कुणालाही हॅमची परीक्षा देता येते. परवान्याशिवाय असा ५० वॅटचा संच बाळगणं मात्र गुन्हा आहे. ऑनलाइन दुकानात तो सहज मिळतो, म्हणून तो कायदेशीर ठरत नाही.

ताम्हिणीत आम्ही त्या दिवशी काय केलं? मित्राने संचाची क्षमता ५० वॅटवरून १० वर आणली. १० वॅटला संच ४-५ अॅम्पिअरच ओढतो. वाटेत २ ऐवजी पाऊण-एक व्होल्ट गेला आणि संच तग धरून राहिला थोडा कुरकुरत. खालच्या गाडीला तो तितकाच स्वच्छ ऐकू गेला. या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर नसेल, तर १० वॅट भरपूर झाले, आणि डोंगर असेल, तर ५० नेही सहसा फार फरक पडत नाही. सुरुवात कमी क्षमतेने करावी आणि गरज पडली तरच वाढवावी, असं हॅमच्या परीक्षेच्या अभ्यासातही शिकवतात. आम्हाला ते आठवलं शेवटी.

पुढच्या रविवारी त्याने चार चौरस मिलिमीटरची वायर टाकली, बॅटरीपासून वीतभर अंतरावर निळा फ्यूज बसवला. मी बटण दाबत नाही, तो अधिकार त्याचा, म्हणून मल्टिमीटर माझ्या हातात होता. इंजिन बंद, क्षमता पूर्ण ५० वॅट. बॅटरीवर १२.२ व्होल्ट, संचावर ११.८.